ज्वारीच्या नानकटाईचा गोळाच बांधल्या जात नाही, निरा भुगा होते, काय चुकून रायलं?

दारव्ह्याची_सून
नमस्कार सगळ्यांना. मी दारव्हा तालुक्यातली, गावाचं नाव नाही सांगत नाहीतर उद्या गिरणीवर सगळ्यांच्या तोंडी माझीच नानकटाई असन. तर झालं असं की मोठा पोरगा यवतमाळला होस्टेलवर आहे, त्याला घरची नानकटाई पायजे. दरवर्षी दिवाळीला आम्ही सामान घेऊन भट्टीवर जातो, डबा भरून आणतो, घरी करायचा कधी प्रश्नच आला नाही. पण आता जानेवारीत भट्टीवाला कुठं आपल्या दोन वाट्यांसाठी भट्टी पेटवते. अन घरात यंदाची ज्वारी आहे, सासऱ्यांना शुगर आहे, म्हटलं ज्वारीचीच करू, सगळ्यांनाच होईन.

सामान असं घेतलं – २ वाट्या ज्वारीचं पीठ, १ वाटी कणीक, १ वाटी साखर मिक्सरमधून काढून, पाऊण वाटी घरचं तूप, पाव चमचा खायचा सोडा, विलायची, चिमूटभर मीठ. ओव्हन नाही, कढईत मीठ टाकून त्यावर जाळी ठेवून भाजते.

पहिल्यांदा गोळा करायला गेली तर वाळू. मुठीत दाबलं की होते, हात उघडला की तडकते, चपटं करायला गेलं की परातीत सगळा रवा रवा. मग पाणी शिंपडलं, पोळीच्या कणकेसारखं मळलं, तेव्हा झाली बरोब्बर गोल गोल. भाजल्यावर काय सांगू, लहाना म्हणते आई गोट्या खेळाले नेऊ का. दुसऱ्यांदा पाणी नाही टाकलं, तूप वितळवून अंदाजानं वरून ओतलं, तर कढईत सगळ्या एकमेकीत मिसळून एक मोठी पापडी झाली, खालून काळी, वरून पांढरी, अन उलथन्यानं काढायला गेली तर पुन्हा भुगा. तो भुगा सासूबाईंनी दुधात कालवून खाल्ला, वाया नाही गेला, पण पोराला भुगा कसा पाठवू. रविवारी हे यवतमाळला जाणार आहेत, म्हणजे माझ्याकडे तीन दिवस. कोणी सांगा.

कापूसतूर_अमरावती
ताई ३०-४० रुपयात पुडा भेटते की दुकानात, कायले एवढी खटपट

दारव्ह्याची_सून
दादा पुडा त्याला तिथंही भेटते. त्यानं घरची मागितली आहे.

अंजनगावची_काकू
अवं बाई, पयले मले सांग तूप तू कसं मोजलं? थंडीचे दिवस हायेत, पहाटे दहाच्या खाली जाते पारा, घरचं तूप बरणीत दगड झालं असन. ते चमच्यानं टोकरून टोकरून वाटीत टाकलं ना? तसं टाकलं का मधात पोकळ रायते, वाटी भरली दिसते पण तूप कमीच असते. मी पण अशीच फसली होती, चाळीस वर्ष झाले सैपाक करून अन तरी फसली. उन्हाळ्यात तेच तूप पाण्यासारखं असते, तवा वाटी खरीच वाटीभर होते. म्हून तर उन्हाळ्यातलं माप हिवाळ्यात नाही चालत.

दुसरं, भुगा होऊन रायला म्हणजे त्याले पाणी पायजे असं नसते वं. पाणी टाकून मळलं का ते बिस्किट नाही रायत, टिक्कड होते. भुग्याले बहुतेक तूप पायजे असते नाहीतर वेळ पायजे असते. ज्वारीचं पीठ तूप लवकर पीत नाही, कालवून झाकून ठेव तासभर, मंग पाय मुठीत धरून. मूठ दाबली अन उघडली, तर मुठीचा साचा तसाच रायला पायजे, बोटांच्या खुणांसकट. अन मंग त्याले अंगठ्यानं हलकं ढकललं का दोन तुकडे व्हावे, रवा नाही. तेवढं जमलं का समज झालं.

अन पीठ कोण्या जाळीचं दळलं? भाकरीचं थोडं जाड असते. नानकटाईले ते मैद्याच्या चाळणीतून चाळून घे, वर जे उरन त्याची भाकर कर.

दारव्ह्याची_सून
काकू तुम्ही तर बघून आल्यासारखं सांगितलं. हो, टोकरूनच टाकलं होतं. आता सकाळी किराणा दुकानात जाऊन वाटी वजन करून आणते, दुकानदार ओळखीचा आहे.

भट्टीवर_पंधरा_वर्ष
ताई मी कारंज्याकडचा, भट्टीवर काम करतो. वाटीचं माप सोडा, वजनावर या. आमच्याकडे दिवाळीत बाया जे सामान आणतात त्याचा साधा हिशोब असते, १ किलो मैद्याले अर्धा किलो पिठी साखर अन अर्धा किलो डालडा. म्हणजे पिठाच्या अर्धी चरबी. हे कमी झालं तर भुगा, जास्त झालं तर पसरते. साखर थोडी इकडतिकडे चालते, चरबी नाही चालत. कोणी बाई कंजुषी करून पाव किलो डालडा कमी आणते अन मंग म्हणते भौ तुमच्या भट्टीत बिस्किट फुटले. भट्टीचा काय दोष.

तुमचं तूप पिठाच्या अर्धं होते का ते पाहा. माह्या अंदाजानं नसन.

दुसरी गोष्ट, आम्ही आधी डालडा अन साखरच फेटतो, पांढरं फक्क होईपर्यंत, हातानं दहा पंधरा मिनिट. पीठ शेवटी. अन पीठ टाकल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. तुम्ही मळलं म्हून गोट्या झाल्या, त्यात कणीक होती ना, कणकेले पाणी अन मळणं भेटलं का ते ताणते. तूप थिजलेलं पण दगड नको, बोट दाबलं तर खड्डा पडन असं लोण्यावानी पायजे. दगड असन तर गंजात कोमट पाणी घेऊन त्यात वाटी ठेवा दोन मिनिट, पूर्ण वितळवू नका. वितळलेलं तूप फेटल्या जात नाही, हवा नाही धरत, अन कढईत गेलं का पहिल्याच मिनिटाले वाहते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला का आम्ही उलट करतो, गोळे करून परात माठाजवळ ओल्या फडक्यावर ठेवतो मंग भट्टीत टाकतो. तुमच्याकडे फ्रीज असन तर अर्धा तास फ्रीजमध्ये, हिवाळ्यात नुसतं ओसरीवर ठेवलं तरी होते.

डालडा वापरला तर घरच्या तुपापेक्षा कमी पसरते, पण चव तुपाचीच भारी.

मास्तर_चांदूररेल्वे
भट्टीवाल्या भाऊंनी बरोबर सांगितलं, मी फक्त ज्वारीबद्दल जोडतो. गव्हात ग्लुटेन असतं, पाणी लागलं की त्याचं जाळं तयार होतं अन ते पीठ धरून ठेवतं. ज्वारीत ग्लुटेन नाहीच. म्हणून तर ज्वारीची पोळी लाटता येत नाही, भाकरी थापावी लागते, अन ती पण कढत पाण्यानं पीठ भिजवलं तरच जमते, नाहीतर कडा फाटतात. ताईंच्या मापात दोन भाग ज्वारी अन एक भाग कणीक आहे, म्हणजे धरून ठेवायला फारच कमी काही आहे. पहिल्यांदा करत असाल तर निम्मी ज्वारी निम्मी कणीक घ्या, जमायला लागलं की ज्वारी वाढवा.

आणि भाकरीचीच युक्ती इथं चालते. माझी आई करायची. दोन चमचे ज्वारीचं पीठ चार चमचे दुधात कालवून छोट्या गंजात मंद आचेवर हलवायचं, चिकट खळीसारखी उकड होते, ती पूर्ण थंड करून तूप साखरेत मिसळायची अन मग कोरडं पीठ. गरम झाल्यानं ज्वारीतला स्टार्च फुगतो अन गोंदाचं काम करतो. गरम उकड टाकू नका, तूप वितळेल. घरात जवस असेलच, आपल्याकडे कोणाच्या घरी नसतं, तर जवसाची पूड एक चमचा अन पाणी तीन चमचे, दहा मिनिटं ठेवलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं, तेही धरतं. पण जवसाचा वास येतो, मुलांना आवडेल की नाही सांगता येत नाही. २०२३ हे मिलेटचं (भरड धान्याचं) आंतरराष्ट्रीय वर्ष होतं तेव्हा जिकडे तिकडे ज्वारीची बिस्किटं दिसत होती, त्यातली निम्मी अशीच हातात घेतली की सांडायची, म्हणजे ताई तुम्ही एकट्या नाही.

एक सांगू का, राग मानू नका. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून ज्वारीची, हे ठीक, पण त्यात वाटीभर साखर आहेच की. ज्वारीची झाली म्हणून ती शुगरवाल्यांना चालतेच असं नाही, त्यांना एखादीच द्या.

भट्टीवर_पंधरा_वर्ष
मास्तर उकड चांगली हाय पण दूध घातलं का टिकत नाही. आम्ही पाण्याचा थेंब नाही घालत म्हून महिनाभर राहतात. माह्या मते तूप बरोबर करा, दुधाची गरजच नाही.

अंजनगावची_काकू
भौ तुमचं मैद्याचं हाय, तुमाले काय. ज्वारीचं करून दाखवा बिना उकडीचं. अन होस्टेलवर कोणती नानकटाई महिनाभर उरते? पोट्टे एका रात्रीत साफ करतात.

भट्टीवर_पंधरा_वर्ष
हे पण खरं हाय काकू.

दारव्ह्याची_सून
वजन करून आणलं. काकू तुम्ही जिंकल्या. माझी वाटी १५० मिलीची निघाली. टोकरलेलं घट्ट तूप वाटीभर भरलं तर १०५ ग्रॅम, तेच कोमट पाण्यात ठेवून पातळ केलं अन वाटी काठोकाठ भरली तर १३५. पीठ वाटीला ८७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन वाट्या २६० ग्रॅम. भाऊंच्या हिशोबानं मला १३० ग्रॅम तूप पायजे होतं अन मी टाकलं पाऊण वाटी टोकरलेलं, म्हणजे ८० पण नाही. दुकानदार म्हणाला वहिनी आज तुपाचा एवढा हिशोब कायले, मी म्हटलं शाळा आहे. मग दुसऱ्यांदा तूप वाढवून पण पसरली कावून? वितळवून ओतल्यामुळं?

भट्टीवर_पंधरा_वर्ष
हाव. वितळलेलं ओतलं, वरून अंदाजानं, ते पण जास्तच झालं असन, अन लगेच भाजायले ठेवलं. अन सोडा पाहा, एवढ्याश्या पिठाले पाव चमचा सोडा जास्त होते. सोडा जास्त झाला का पसरते, रंग लाल येते अन मांगून जिभीवर साबणासारखं लागते. दोन चिमटी पुरे. सोड्याले आंबट लागते म्हून चमचाभर दही टाकतात काही जण. बेकिंग पावडर असन तर दही नको, त्यात आंबट आधीच असते.

हिंगणघाटवाली_ताई
भाजण्याबद्दल कोणीच नाही सांगितलं म्हणून मी लिहिते, कारण खालून काळी वरून पांढरी हा माझा जुना दुखणा आहे. कढई जाड बुडाची पायजे, मिठाचा थर बोटभर, झाकण ठेवून आधी दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवायची, मग ताटली ठेवल्यावर गॅस एकदम बारीक. एकदम म्हणजे एकदम. ताटली कढईच्या कडेला टेकायला नको, सगळीकडून हवा फिरली पायजे. पातळ स्टीलची ताटली असली की खालून जळतेच, मी जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) जाड ताटली वापरते. कुकरमध्ये पण होते, शिट्टी अन रबर दोन्ही काढून, आत पाणी नाही. वीस ते पंचवीस मिनिटं. मधात सारखं झाकण उघडून पाहायचं नाही.

आणि वरून लाल होण्याची वाट पाहू नका! कढईत वरून आच नसते, वरून ती फिकीच राहणार. तुम्ही वरून लाल व्हायची वाट पाहत बसल्या असाल तेवढ्यात खालून काळी झाली. कड बघा, कड बदामी झाली की बंद. ओव्हनवाल्या बाया १७० वर पंधरा मिनिटं म्हणतात तो हिशोब कढईला लागत नाही.

अन गरम असताना हात लावायचा नाही. गरम नानकटाई मऊच असते, तूप पातळ असते ना, थंड झाली की धरते. तुम्ही उलथन्यानं गरम काढली असन म्हणून भुगा झाला. ताटली बाहेर काढून ठेवा अन पंधरा वीस मिनिटं तिकडे फिरकू पण नका.

अंजनगावची_काकू
वरून लाल पायजे असन तर चुलीवर कर. आमची सासू झाकणावर इस्तो (निखारे) ठेवायची, खाली इस्तो वर इस्तो. रोडगे भाजतो तसंच. पण पऱ्हाटीचा (कापसाच्या काड्यायचा) जाळ नको वं, ते भसकन पेटते अन भसकन विझते, बाभळीच्या लाकडाचे निखारे पायजे. पयली खेप बिघडतेच, कोणाले काई नाही म्हणायचं.

दारव्ह्याची_सून
काकू चूल अंगणात आहे पण या थंडीत पहाटे कोण पेटवते, गॅसवरच करते. गोल आकार हातानं करू का वाटीनं? हातावर वळली की कडा फाटतात.

हिंगणघाटवाली_ताई
कडा थोड्या फाटायलाच पायजे, नानकटाईची ओळखच ती. पण ज्वारीच्या जास्त फाटतात. मी कॉफीच्या बरणीचं झाकण घेते, आतून दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा लावते, मिश्रण दाबून भरते अन पिशवी ओढून काढते. हाताची गरमी पण लागत नाही. नाहीतर त्याच पिशवीत लांब नळा वळून ओसरीवर ठेवायचा थंड व्हायला, घट्ट झाला की सुरीनं अर्ध्या बोटाच्या चकत्या. त्यापेक्षा पातळ केल्या तर तुटतात.

दारव्ह्याची_सून
झाली!!! शनिवारी रात्री अकरा वाजता लिहून रायली, सगळे झोपले.

असं केलं – ज्वारी १३० अन कणीक १३०, चाळून. तूप १३० ग्रॅम कोमट पाण्यात लोण्यासारखं केलं, साखर नेहमीचीच वाटी टाकून फेटलं, दहा मिनिटात हात भरून आला, लहान्याला बसवलं, त्यानं अजून फेटलं (तुपाचे शिंतोडे भिंतीवर, ते उद्या). मास्तरांची उकड दोन चमचे पिठाची, थंड करून. सोडा दोन चिमटी, दही अर्धा चमचा. पीठ टाकून नुसतं गोळा केलं, तरी थोडं सुटं वाटत होतं, आधीच्या सवयीनं पाण्याकडे हात गेला होता पण काकूंचं आठवलं, झाकून तासभर ठेवलं. तासानंतर मुठीत धरलं तर बोटांच्या खुणा दिसल्या, मी सासूबाईंना दाखवायला घेऊन गेली, त्या म्हणे बरं हाय मुठीचं काय करतं आता.

झाकणानं पाडल्या, सव्वीस झाल्या, तीन खेपा. पहिल्या खेपेत घाई केली, तीन तुटल्या, चूक माझीच, दहा मिनिटातच हात लावला. दुसऱ्या खेपेत एक तुटली. तिसरीत एकही नाही. वरून फिक्या आहेत पण कड बदामी, खाल्ली की तोंडात विरघळते अन मागून ज्वारीचा खमंग वास येते. सासऱ्यांना अर्धीच दिली, मास्तर. ते म्हणाले अर्धीच कावून, मी म्हटलं फोरमवर सांगितलं आहे, ते म्हणे कोण फोरम.

आता डब्यात कशी भरू? सकाळी सातची एसटी आहे अन आमच्या इथून यवतमाळपर्यंतचा रस्ता तुम्हाला माहीत आहे.

भट्टीवर_पंधरा_वर्ष
मस्त ताई. आडव्या थप्प्या नका लावू, खालच्या दबून फुटतात. उभ्या लावा, एकमेकीले टेकून, डबा गच्च भरा, हलायले जागा नको. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण लावू नका, घाम सुटते अन मऊ पडतात. रद्दी पेपर नको, शाई लागते, कोरा कागद घ्या.

अंजनगावची_काकू
मधातल्या फटीत मुरमुरे भर. आमी लेकीच्या घरी करंज्या धाडतो तवा मुरमुरेच भरतो. हलत नाही अन पोट्ट्यायले खायले पण होते. डबा मांडीवर ठेवाले सांग यायले, वर नको ठेवू.

दारव्ह्याची_सून
(सोमवार) पोहचल्या. यांनी डबा पूर्ण रस्ता मांडीवर धरला, नेरला चहा प्यायला पण उतरले नाही म्हणे. दोनच फुटल्या. रात्री पोराचा फोन आला, नानकटाई बारा वाजेपर्यंत संपली, त्याच्या वाट्याला तीन आल्या, मुरमुरे रूमवाल्यांनी तिखट मीठ टाकून खाल्ले. पुढच्या वेळी दुप्पट पाठव म्हणते.

भट्टीवर_पंधरा_वर्ष
दुप्पट करताना सोडा दुप्पट नका करू, तीन चिमटी बस. अन मास्तर, ते जवसाचं किती पिठाले किती सांगा बरं, एक चमचा पूड २६० ग्रॅम पिठालेच का? आमच्याकडे एक बाई अंड्याशिवायचा केक मागून रायली, त्यात टाकून पाहतो.